बेरजेत ०.०१ चा फरक: वेब डेटाबेसमधली रक्कम नेमकी कुठे बिघडते?

बिलाच्या ओळींची बेरीज एक, खाली छापलेली एकूण रक्कम दुसरी, आणि फरक फक्त ०.०१. वेब ॲप्लिकेशनमध्ये पैशांचा हिशेब आला की हा बिघाड कधी ना कधी डोकं वर काढतो आणि एकदा निस्तरला तरी परत येतो. परत येण्याचं कारण बहुतेक वेळा सारखंच असतं: रक्कम जिथे दिसते तिथे राउंड मारलेलं असतं, पण ती जिथे बिघडली तिथे कोणी पाहिलेलंच नसतं. हे काम मी वेगवेगळ्या सिस्टिम्सवर पुन्हा पुन्हा केलं आहे आणि आता ठरावीक क्रमानेच तपासतो. आधी फुकटातल्या तपासण्या, सगळ्यात शेवटी टेबलाला हात.

लक्षणं

खालीलपैकी तुमच्याकडे काय दिसतंय ते आधी ठरवा. प्रत्येक लक्षण वेगळ्या जागेकडे बोट दाखवतं.

– ओळींची बेरीज आणि एकूण रक्कम यांत ०.०१ किंवा ०.०२ चा फरक पडतो, तोही रोज नाही, अधूनमधून.
– स्क्रीनवर किंवा एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये ०.३०००००००००००००००४ अशी लांब शेपटी दिसते.
– फॉर्ममध्ये १२.५० भरले, टेबलमध्ये १३ गेले.
– १,२३४.५० चे थेट १ झाले.
– १०.५० आणि २.२५ यांची ‘बेरीज’ १०.५०२.२५ आली.
– १९.९९ ची रक्कम पेमेंट गेटवेकडे (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेकडे) १९.९८ म्हणून पोहोचली.
– टेबलमध्ये १९.९९ स्पष्ट दिसतंय, पण क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) ‘रक्कम = १९.९९’ अशी अट घातली की एकही ओळ मिळत नाही.
– कराची रक्कम सगळीकडे शून्य.

आता चुकलेली एकच रक्कम निवडा आणि तिचा पूर्ण प्रवास तपासा: फॉर्म, सर्व्हरवरचा कोड, डेटाबेस, डेटाबेसमधून परत वाचणारा ड्रायव्हर (कोड आणि डेटाबेस यांना जोडणारा भाग) आणि शेवटी स्क्रीन. प्रत्येक टप्प्यावर लॉगमध्ये किंमत लिहा आणि सोबत तिचा डेटा टाइपही लिहा. नुसती किंमत लिहून भागत नाही, कारण ‘१०.५०’ ही स्ट्रिंग (नुसता मजकूर) आणि १०.५ हा आकडा लॉगमध्ये जवळपास सारखेच दिसतात, पण बेरजेत अगदी वेगळे वागतात. ज्या टप्प्यावर रक्कम पहिल्यांदा बदलते, दुरुस्ती तिथेच करायची. पुढच्या टप्प्यांवर दिसणारं बाकी सगळं त्याचे परिणाम असतात.

पहिली तपासणी: टेबलमध्ये खरंच काय आहे?

डेटाबेसचा कन्सोल उघडा आणि ती ओळ थेट सिलेक्ट करा, ॲप्लिकेशनला मध्ये न आणता. टेबलमध्ये रक्कम बरोबर आणि स्क्रीनवर चूक असेल तर टेबलला हात लावायची गरजच नाही, बिघाड वाचण्यात किंवा दाखवण्यात आहे. याला दोन मिनिटं लागतात आणि अर्धा शोध इथेच संपतो.

एक सावधगिरी मात्र हवी. कॉलम फ्लोट प्रकारचा (दशांश आकडे अंदाजे साठवणारा) असेल तर मायएसक्यूएल हा डेटाबेस तो दाखवताना मोजकेच अंक दाखवतं, त्यामुळे आतली चूक झाकली जाते. कॉलममध्ये ०.० मिळवून सिलेक्ट केलं की खरा आकडा बाहेर येतो. ‘१९.९९ दिसतंय पण सापडत नाही’ याचं उत्तरही यातच आहे: फ्लोट कॉलममध्ये १९.९९ नसतो, त्याच्या अगदी जवळचा दुसराच आकडा असतो. तुलना करताना तो १९.९९ शी जुळत नाही.

दुसरी तपासणी: फॉर्म आणि स्वल्पविराम

एचटीएमएलच्या नंबर इनपुटला स्टेप दिली नाही तर ती १ धरली जाते. म्हणजे १२.५० भरलं की ब्राउझर तक्रार करतो. मग कोणीतरी घाईत ब्राउझरची तपासणीच बंद करतं किंवा सर्व्हरवर रक्कम पूर्णांकात बदलून घेतं, आणि दशांश भाग कायमचा जातो. स्टेप ०.०१ करा. चलनाला तीन दशांश स्थळं असतील तर ०.००१.

स्वल्पविरामाचं दुखणं जास्त वाईट आहे, कारण तिथे एरर येत नाही. पीएचपीत नंबर_फॉरमॅट वापरून १२३४.५ दोन स्थळांपर्यंत छापलं की ‘१,२३४.५०’ अशी स्ट्रिंग मिळते. दाखवायला ती उत्तम. पण हीच स्ट्रिंग एखाद्या लपवलेल्या फील्डमध्ये जाऊन परत सर्व्हरवर आली आणि तिथे फ्लोटमध्ये बदलली, तर स्वल्पविरामापाशी वाचन थांबतं आणि उरतो १. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोटही असंच वागतं. हजाराच्या आतल्या सगळ्या रकमा बरोबर आणि वरच्या सगळ्या चुकीच्या, असं दिसलं की मी आधी इथेच पाहतो. टेस्टिंग करताना लोक छोट्या रकमा भरतात, म्हणून हा बिघाड टेस्टिंगमधून सुटतो आणि थेट खऱ्या व्यवहारात दिसतो.

युरोपातल्या बऱ्याच भाषांत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात. जर्मन सेटिंगमधल्या माणसाने १.२३४,५० लिहिलं तर त्याचा अर्थ १२३४.५० असा आहे. नियम साधा ठेवा: फॉरमॅट केलेली रक्कम फक्त डोळ्यांसाठी, ती हिशेबात परत कधीच येता कामा नये.

तिसरी तपासणी: कॉलमचा प्रकार

टेबलची रचना काढा आणि रकमेच्या प्रत्येक कॉलमचा प्रकार पाहा. फ्लोट, डबल किंवा रिअल दिसलं तर मूळ दुखणं बहुधा सापडलं.

हे प्रकार आयईईई ७५४ या मानकानुसार चालतात. ते १९८५ साली आलं आणि आज जवळपास प्रत्येक प्रोसेसर ते पाळतो. त्यात आकडे बेस दोनमध्ये, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवले जातात. दशांश पद्धतीत १/३ जसा कधी संपत नाही, तसा बेस दोनमध्ये ०.१ संपत नाही. त्यामुळे डबलमध्ये ०.१ साठवला की प्रत्यक्षात ०.१०००००००००००००००५५५ आणि पुढे बरंच काही साठवलं जातं. ०.१ आणि ०.२ मिळवल्यावर येणारी शेपटी ती हीच. मोजमाप, तापमान, नकाशावरचे अक्षांश यांना एवढी चूक चालते. रकमेला चालत नाही, कारण तिथे उत्तर बरोबर तरी असतं किंवा चूक तरी.

मायएसक्यूएलचा फ्लोट तर डबलहून धोक्याचा. त्यात साधारण सात अंकच नीट राहतात. १२३४५६७.८९ फ्लोटमध्ये घातलं की ते १२३४५६७.८७५ होतं. हा आकडा पुढे कितीही काळजीने हाताळला तरी ते ८९ परत येत नाहीत. गेलेला अंक राउंडने परत येत नसतो.

म्हणून रकमेसाठी डेसिमल किंवा न्यूमेरिक हे दशांश अंक अचूक साठवणारे प्रकार वापरायचे. पण नुसतं डेसिमल लिहून थांबू नका. मायएसक्यूएलमध्ये त्याचा अर्थ डेसिमल(१०,०) असा होतो, एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेसिमल(१८,०), म्हणजे दोन्हीकडे दशांश स्थळं शून्य. वरच्या यादीतलं ‘१२.५० चे १३’ इथून येतं. मायएसक्यूएलमध्ये स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारं सेटिंग) चालू असला तरी जादा दशांश अंक राउंड होतात आणि फक्त एक नोट मिळते, एरर नाही. तो मोड आपल्याला वाचवेल या भरवशावर राहू नका. पोस्टग्रेसचं मात्र वेगळं आहे: तिथे नुसतं न्यूमेरिक लिहिलं तर दिलेले सगळे दशांश अंक जसेच्या तसे राहतात.

एसक्यूएलाइटमध्ये खरा डेसिमल प्रकारच नाही. कॉलमला डेसिमल असं नाव दिलं तरी १९.९९ आतमध्ये रिअल म्हणूनच साठवला जातो. तिथे रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांक म्हणून ठेवावी.

मनी नावाचा तयार प्रकार मोहात पाडतो. एसक्यूएल सर्व्हरच्या मनीत चारच दशांश स्थळं असतात आणि भागाकार करताना मधल्या पायरीवर अंक गळतात. पोस्टग्रेसच्या मनीचं स्वरूप सर्व्हरच्या लोकेल (देश-भाषेच्या) सेटिंगवर अवलंबून असतं. मी दोन्ही टाळतो.

किती स्थळं ठेवायची? अंतिम रकमेला चलनाइतकी. आयएसओ ४२१७ या चलनांच्या कोडच्या मानकात प्रत्येक चलनाचा आकडा दिलेला आहे: बहुतेक चलनांना दोन, जपानी येनला शून्य, कुवेती दिनारला तीन. दर, टक्केवारी आणि विनिमय दर यांना मात्र चार ते सहा स्थळं द्या आणि तो कॉलम वेगळा ठेवा. एकाच टेबलमध्ये अनेक चलनं असतील तर रकमेशेजारी चलनाचा कोड हवाच. त्याशिवाय ५०० हा आकडा पूर्णांकात साठवलेला येन आहे की कुठल्या चलनाचे पाच, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

चौथी तपासणी: ड्रायव्हर आणि मधला कोड

कॉलम डेसिमल आहे, डेटाही बरोबर आहे, तरी बेरीज चुकते? मग डेटाबेसमधून बाहेर पडल्यावर काय होतं ते पाहा.

डेसिमल किंमत अचूक राहावी म्हणून अनेक ड्रायव्हर ती स्ट्रिंग म्हणून परत देतात. पीएचपीचं पीडीओ (डेटाबेसशी बोलणारा भाग) तसं करतं, नोडमधले (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमधले) पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलचे प्रचलित ड्रायव्हरही करतात. हे वागणं योग्यच आहे. गोंधळ पुढे होतो. जावास्क्रिप्टमध्ये दोन स्ट्रिंगमध्ये अधिक चिन्ह टाकलं की त्या एकमेकींना चिकटतात, आणि १०.५०२.२५ असा आकडा जन्माला येतो. मग कोणी तरी दोन्ही स्ट्रिंग आकड्यात बदलून घेतं, चिकटणं थांबतं, आणि डेटाबेसने जपलेली अचूकता त्या एका ओळीत फ्लोटच्या हवाली होते.

त्याऐवजी भाषेतलं अचूक साधन वापरा. पायथनमध्ये डेसिमल आहे, जावामध्ये बिगडेसिमल. दोन्हींना किंमत स्ट्रिंग म्हणूनच द्यायची. अवतरणचिन्हांशिवाय ०.१ दिलं तर तो आधी फ्लोट बनतो आणि चुकलेला आकडा फार अचूकपणे जपला जातो. जावात तुलना करताना इक्वल्स नको, कंपेअरटू वापरा, कारण इक्वल्सच्या मते २.० आणि २.०० वेगळे आहेत. पीएचपीच्या बीसीमॅथ या अचूक गणिताच्या साधनात स्केल (दशांश स्थळांची संख्या) दिलं नाही तर ते शून्य धरलं जातं, आणि स्केलपलीकडचे अंक राउंड न होता सरळ कापले जातात. १.९९ अधिक १.०० याचं उत्तर २ आलं तर स्केल विसरलं गेलं आहे.

रक्कम पूर्णांकात बदलताना १९.९९ गुणिले १०० करून दशांश भाग टाकून देण्याची सवय फार पसरलेली आहे. फ्लोटमध्ये हा गुणाकार १९९८.९९९९९९९९९९९९८ येतो, आणि पुढचं कापल्यावर उरतात १९९८. गेटवेकडे १९.९८ पोहोचण्यामागे हेच असतं. आकडा फ्लोटमध्ये आलाच असेल तर आधी राउंड करा, मग पूर्णांकात न्या. त्याहून बरं म्हणजे स्ट्रिंगवरूनच अचूक प्रकारात जा. जेसनमधूनही (सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यात डेटा पाठवायच्या स्वरूपातूनही) रक्कम स्ट्रिंग म्हणूनच पाठवा, नाहीतर पलीकडचा जावास्क्रिप्ट तिचा डबल करतो.

आता एक जागा जिथे फार कमी लोक पाहतात. मायएसक्यूएलमध्ये डेसिमल कॉलमला स्ट्रिंगने गुणलं तर पूर्ण हिशेब डबलमध्ये होतो. पीडीओ मायएसक्यूएलसोबत मुळात प्रिपेअर्ड स्टेटमेंटची (क्वेरी आणि तिच्यातल्या किंमती वेगवेगळ्या पाठवण्याच्या पद्धतीची) नक्कल करतं आणि एक्झिक्यूटला दिलेले पॅरामीटर अवतरणांत घालून पाठवतं. म्हणजे क्वेरीत ‘किंमत गुणिले प्रश्नचिन्ह’ लिहिलं आणि १.१० पाठवलं, तर डेटाबेसला दिसते ती ‘१.१०’ ही स्ट्रिंग. कॉलम डेसिमल, कोड स्वच्छ, आणि तरी फ्लोटची चूक! उपाय एका ओळीचा आहे: क्वेरीतच त्या पॅरामीटरला कास्ट करून, म्हणजे त्याचा प्रकार बदलून, डेसिमल(१०,४) करा.

कर सगळीकडे शून्य येत असेल तर क्वेरीत १०/१०० असा भागाकार शोधा. पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूएलाइट दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकातच देतात, म्हणजे शून्य. १०.०/१०० लिहा.

पाचवी तपासणी: राउंडिंग कोण, कधी, कसं करतं?

इथवर सगळं बरोबर असूनही ०.०१ चा फरक येऊ शकतो, आणि जुनाट तक्रारींमागे बहुधा हेच असतं. एकाच हिशेबात दोन ठिकाणी दोन वेगळ्या नियमांनी राउंडिंग होत असतं.

बरोबर मधोमध असलेला आकडा कुठे न्यायचा यावर भाषांचं एकमत नाही. मायएसक्यूएल ०.१२५ चे ०.१३ करतं. पायथनचं राउंड तोच आकडा ०.१२ करतं, कारण ते जवळच्या सम अंकाकडे वळतं. सी शार्पचं मॅथ.राउंडही काही न सांगितल्यास सम अंकाकडेच जातं. पोस्टग्रेसमध्ये तर एकाच डेटाबेसच्या आत फरक आहे: २.५ न्यूमेरिक असेल तर राउंड ३ देतं, डबल असेल तर सहसा २. जावास्क्रिप्टमध्ये १.००५ ला टूफिक्स्ड(२) लावलं की १.०१ नव्हे, १.०० मिळतं, कारण आत साठवलेला आकडा १.००५ पेक्षा किंचित लहान असतो. दाखवताना टूफिक्स्ड आणि साठवताना डेटाबेसचं राउंड, असं असेल तर फरक कधी ना कधी पडणारच.

नुसतं कापणं तर सगळ्यात घातक, कारण त्याची चूक एकाच दिशेने साचत जाते. व्हँकूवर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ साली १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने मोजला जायचा आणि तीन दशांशांपुढचं राउंड न करता कापलं जायचं. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत तो ५२४ च्या आसपास घसरला होता. नीट मोजल्यावर खरा आकडा १०९८ च्या घरात निघाला. चूक दर वेळी तिसऱ्या दशांशाच्या पलीकडची होती.

दुसरा प्रश्न राउंड कधी करायचं हा. एका बिलात ४.९९ च्या दहा ओळी आहेत आणि कर १० टक्के. प्रत्येक ओळीवर कर ०.४९९, राउंड केल्यावर ०.५०, दहा ओळींचा ५.००. आता एकूण ४९.९० वर कर काढा: ४.९९. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत. बिल एका पद्धतीने आणि महिन्याचा अहवाल दुसऱ्या पद्धतीने काढला की दर महिन्याला कोणीतरी हा फरक शोधत बसतं. एक पद्धत ठरवा, ती एकाच फंक्शनमध्ये लिहा, आणि राउंड झालेली रक्कम टेबलमध्ये साठवा. अहवालाने ती नुसती मिळवायची, नव्याने काढायची नाही.

रक्कम वाटून देताना हाच पेच उलटा येतो. १०० चे तीन भाग ३३.३३ प्रमाणे केले की ९९.९९ भरतात. उरलेला ०.०१ कोणत्या तरी एका भागात घालायलाच हवा. रक्कम लहान एककांत घ्या, १०००० भागिले ३, भागाकार ३३३३, बाकी १. बाकी जितकी असेल तितक्या भागांना एकेक वाढवा: ३३.३४, ३३.३३, ३३.३३. कोणत्या भागाला वाढवायचं तो क्रमही ठरलेला असू द्या. नाहीतर तोच हिशेब पुन्हा चालवल्यावर वेगळं उत्तर येईल.

सहावी तपासणी: जुना डेटा

कॉलम फ्लोटमधून डेसिमलमध्ये बदलायची आज्ञा एका ओळीची आहे. म्हणूनच ती चालवण्याआधी थांबावं. टेबलची प्रत काढा, प्रतीवर बदल करा, आणि दोन्हींच्या बेरजा दिवसागणिक ताडून पाहा. ज्या दिवशी फरक आला त्या दिवसाच्या ओळी एकेक करून तपासा. लहान रकमा बहुधा व्यवस्थित परततात: फ्लोटमधला १९.९९ दोन स्थळांवर राउंड होऊन पुन्हा १९.९९ होतो. मोठ्या रकमांचं तसं नाही. वरचा १२३४५६७.८७५ फार तर १२३४५६७.८८ होईल, मूळचा ८९ होणार नाही. तो फक्त मूळ पावतीवर, गेटवेच्या नोंदीत किंवा बँकेच्या स्टेटमेंटवर मिळेल.

इथे थांबा

काही ठिकाणी प्रोग्रामरने पुढे जाऊ नये, हे मी अगदी स्पष्ट सांगतो.

ज्या कालावधीचा हिशेब बंद झाला आहे किंवा ज्याचं कर विवरणपत्र भरून झालं आहे, त्यातली एकही रक्कम अपडेट करू नका, ती उघड चुकीची असली तरी. तिथे दुरुस्ती नव्या समायोजन नोंदीने होते आणि ती कशी करायची हे लेखापाल ठरवतो. राउंडिंग कोणत्या नियमाने करायचं आणि कर ओळीवर काढायचा की एकूण रकमेवर, हेही त्यालाच विचारा. त्याच्याकडून लेखी घ्या आणि कोडमध्ये त्या फंक्शनच्या वर लिहून ठेवा.

टेबल मोठं असेल, त्यावर दिवसरात्र व्यवहार चालू असतील किंवा रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर सतत प्रत ठेवणं) असेल, तर कॉलमचा प्रकार बदलण्याचं काम डेटाबेस ॲडमिनकडे द्या. असा बदल बहुधा पूर्ण टेबल नव्याने लिहितो, तोवर टेबल अडकून पडू शकतं, आणि अर्ध्यात तुटलं तर मागे कसं यायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. बॅकअप आहे एवढं पुरेसं नाही. तो रिस्टोअर करून पाहिलेला हवा.

ग्राहकांच्या खात्यातून कमी-जास्त पैसे गेले असतील तर डेटाबेसमध्ये काहीही बदलण्याआधी गेटवेच्या नोंदी उतरवून घ्या आणि हिशेब सांभाळणाऱ्यांना त्याच दिवशी सांगा.

यांच्यापैकी कोणाकडेही जाताना सोबत चार गोष्टी न्या: चुकलेल्या काही रकमांचा टप्प्याटप्प्याचा लॉग, टेबलची रचना, ड्रायव्हर आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या, आणि फरक पहिल्यांदा दिसला ती तारीख. त्या तारखेच्या आसपास कोडमध्ये काय बदललं होतं तेही काढून ठेवा.